कार्डांचे कापलेले कोपरे

संपादकांचं पत्र आलं: कॉम्प्युटरवर काम करताना घडलेल्या गमतीजमती लिहा, वाचकांना नवलाई आवडते.

गमती आहेत. रत्नागिरीच्या पावसाळी हवेत फ्लॉपीला बुरशी येते, ही एक. फ्लॉपी म्हणजे काळ्या पाकिटातली पातळ चकती, यंत्राची सगळी आठवण तिच्यात साठवलेली. आमच्या सेवायोजन कार्यालयातल्या शिवलकर भाऊसाहेबांनी एकदा अशा सहा फ्लॉप्या आंबोशी वाळवावी तशा कंपाऊंडच्या चिऱ्यांवर उन्हात मांडल्या, वर कावळे बसू नयेत म्हणून धोतराचं फडकं घातलं. दुपारपर्यंत त्यांचे पापड झाले. दुसरी गंमत यंत्राच्या खोलीची. तिथे चपला बाहेर काढून जायचं आणि आत एअरकंडिशनर. नोकरीसाठी नाव नोंदवायला आलेली माणसं घामाने निथळत बाहेर उभी, आणि यंत्राला सर्दी होईल इतका गारवा. रांगेतले लोक मुद्दाम त्या दाराच्या फटीजवळ सरकत. साहेबही फाइल घेऊन आत येऊन बसत, म्हणत, “यंत्रावर देखरेख हवी.”

पण मला लोकांना हसवायचं नाही. मला एक चूक सांगायची आहे. ती यंत्राच्या नावावर खपून गेली असती, म्हणूनच सांगायची आहे.

मी पत्रकांवर वाढलो. वडील प्राथमिक शिक्षक, आणि शाळा सुटल्यावर सभा, मोर्चे, पत्रकं. आमच्या घरी गादीखाली पत्रकं असत, पाहुणा झोपला की कागद कुरकुरत. आडनाव वडिलांनी कधीच टाकलं होतं. म्हणून मी नुसता अविनाश यशवंत. जातीच्या रकान्यात आमच्या घरातल्या कोणी कधी अक्षर लिहिलं नाही. कॉलेजात असताना मी स्वतः लिहिलेलं पहिलं पत्रक कॉम्प्युटरविरुद्ध होतं: ‘एक यंत्र, दहा बेकार’. एस.टी. स्टँडवर उभा राहून मी ते वाटलं. दोन वर्षांनी त्याच यंत्रावर हंगामी ऑपरेटर म्हणून मला नेमणूक मिळाली. मित्र म्हणाले, “आता अकरावा तू!” मी म्हणालो, यंत्र कोणाच्या हातात आहे हे महत्त्वाचं. वाक्य पत्रकात शोभेल असं होतं. पुढे काय झालं ते वाचा.

कार्यालयाचं काम सोपं होतं. बेकार माणूस येतो, नाव नोंदवतो. त्याचं एक जाड पिवळट कार्ड तयार होतं: नाव, पत्ता, शिक्षण, जन्मतारीख, जात, नोंदणीचा दिवस. एखाद्या खात्याला माणसं हवी असली की ते आमच्याकडे नावं मागतं. आम्ही नोंदणीच्या ज्येष्ठतेने यादी पाठवतो. यादीत नाव असेल तर मुलाखतीचं पत्र येतं. नसेल तर त्या जागेपुरता तो माणूस जन्मलाच नाही असं समजा.

ही कार्डं मी कॉम्प्युटरमध्ये भरत होतो. जातीसाठी आकडे ठरवून आले होते. अनुसूचित जाती व नवबौद्ध एक, अनुसूचित जमाती दोन, असं पुढे. गुहागर, चिपळूणकडच्या पुष्कळ कार्डांवर ‘बौद्ध’ लिहिलेलं असे, तिथे मी एक दाबायचा. काही कार्डांवर मात्र जातीच्या रकान्यात शाईची एक आडवी रेघ असे. बाकी काही नाही.

अशा पहिल्या कार्डाशी मी थांबलो. आकडा काय द्यायचा? काहीच न देता एन्टरची कळ दाबून पाहिली. यंत्राने तक्रार केली नाही. पडद्यावरची लुकलुकती चौकट पुढच्या रकान्यावर गेली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ज्या देशात शाळेच्या दाखल्यापासून स्मशानापर्यंत जात विचारतात, तिथे एक वस्तू अशी निघाली की जिला जात नसलेला माणूस चालतो! त्या संध्याकाळी मी वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांचेही डोळे चमकले.

दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. भरून झालेलं कार्ड ओळखू यावं म्हणून मी त्याचा एक कोपरा कात्रीने तिरका कापत असे. कोणताही कोपरा चालला असता. मी उजवा, वरचा निवडला. का, तेही सांगतो. त्या रेघवाल्या कार्डांपैकी बऱ्याच कार्डांवर, नेमक्या त्या कोपऱ्यात, निळ्या पेन्सिलीची बारीक खूण होती. नोंदणी शिवलकर भाऊसाहेब करत. तीस वर्षं त्या टेबलावर बसलेला, कपाळाला गंध लावणारा, तपकीर ओढणारा माणूस. माझ्या मनात निकाल लागला: लोकांनी जात लिहायचं नाकारलं, तरी ह्या गृहस्थाने कोपऱ्यात डाग देऊन ठेवलाच. मी कात्री चालवत होतो तेव्हा नुसतं कार्ड कापत नव्हतो, एक अख्खी व्यवस्था कापत होतो, असं मला वाटत होतं. तुकडे शिपायाने पाचोळ्याबरोबर जाळले.

भाऊसाहेबांना मी काही विचारलं नाही. खात्री असली की माणूस विचारत नाही.

यंत्र सुरू होऊन चारेक महिने झाले असतील. एका खात्याची मागणी आली होती: कनिष्ठ लिपिक-टंकलेखक, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राखीव जागा, ज्येष्ठतेने पंधरा नावं. मी सकाळीच यादी छापली, साहेबांनी सही केली. चार वाजता त्या खात्याचा शिपाई येऊन लखोटा नेणार होता. दुसऱ्या दिवसापासून मागणी बंद.

अकराच्या सुमारास खिडकीशी एक बाई आली. तिशीच्या उंबऱ्यावरची, हातात कापडी पिशवी, पहाटेच्या गाडीचा धुरळा केसांवर. शकुंतला मोहिते. पोफळीला वीजघराच्या कॉलनीत भावाकडे राहत होती. दर वेळी नोंदणीच्या नूतनीकरणाला एवढा प्रवास करून येई.

“भाऊसाहेब, टायपिस्टच्या जागा आल्यात म्हणे. माझं नाव गेलं ना?”

“जायला हवं,” शिवलकर म्हणाले. “सात वर्षं झाली ना बाय तुझ्या नोंदणीला?”

“सात झाली. फेब्रुवारीत माझं नोकरीचं वय संपतंय. ही शेवटचीच.”

शिवलकरांनी यादीची प्रत मागवली. चष्मा पुसला. वरून खाली बोट फिरवलं, मग खालून वर. शेवटच्या नावावर बोट ठेवून ते माझ्याकडे वळले.

“अविनाश, ह्यात शेवटचा आहे त्याची नोंदणी तीन वर्षांची. हिची सात. ही खाली कशी गेली?”

“खाली नाही, ती नाहीच आहे,” मी म्हणालो. “यंत्र चुकत नाही, भाऊसाहेब.”

“यंत्र नाय चुकत. मग मी चुकलो काय? कार्ड काढ.”

मी कार्ड काढलं. जात: आडवी रेघ. कोपरा: कापलेला. शिवलकरांनी कार्ड हातात घेतलं, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

“इथली खूण कुठाय?”

“कापली.”

“कापली म्हणजे?”

“सगळ्यांचीच कापलीय. भरलेल्या कार्डाची ओळख म्हणून.”

हातातली तपकिरीची डबी त्यांनी खाली ठेवली. “मेल्या,” ते अगदी हळू म्हणाले, “ज्यांनी जात लिहिली नाय पण ज्यांचा दाखला मी माझ्या डोळ्यांनी बघितला, त्यांना ती खूण. दाखला बघायचा, परत द्यायचा, खूण करायची. राखीव जागा आली की खुणेची कार्डं आधी काढायची. तीस वर्षं असंच चाललंय. तू रेघेला काय आकडा दिलास?”

“काहीच नाही. रिकामं सोडलं.”

“मग यंत्रानं काय धरलं?”

उत्तर बघायला मी आत गेलो तेव्हा चपला काढायचं विसरलो. कळ दाबली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत शकुंतला मोहिते आली, आणि जातीपुढे शून्य. मी रिकामं सोडलं होतं. यंत्राला रिकामं कळत नाही. आकड्याच्या जागी काही नसेल तर ते शून्य धरतं. आणि आकड्यांच्या तक्त्यात शून्याचा अर्थ होता खुला वर्ग.

शून्यवाले, टायपिंग झालेले किती आहेत ते यंत्राला विचारलं. त्यांतली रेघवाली कार्डं वेगळी काढली, अकरा निघाली.

साहेब साताऱ्याकडचे, सरळ पण बदलीला घाबरणारे. ऐकून ते म्हणाले, “सही झालेली यादी आहे, ऑपरेटर. वरून पत्र आहे, यापुढे यादी कॉम्प्युटरचीच. आता तुम्ही म्हणता यंत्राच्या पोटात चूक आहे. पुरावा काय? कोपरे तर तुम्ही जाळलेत.”

“मी सांगतो ना,” शिवलकर म्हणाले. “एकेक नाव वाचा. ज्याचा दाखला मी पाहिलाय त्याचं लिहून देतो. खाली माझी सही.”

“भाऊसाहेब, दोन महिन्यांनी तुम्ही रिटायर होताय. एक जरी नाव चुकलं तर चौकशी लागेल.”

“लागू द्या. वाच रे.”

मी वाचू लागलो. नाव, गाव, वाडी. आमच्याकडे आडनावावरून काही कळत नाही. मोहिते, जाधव, कदम, पवार, एकाच आडनावाची माणसं गावाच्या दोन टोकांना राहतात आणि त्या दोन टोकांत किती अंतर असतं ते गावालाच ठाऊक. शिवलकर डोळे मिटून ऐकत होते. “हेदवीचा? खालच्या वाडीचा. बापाबरोबर आलेला, दाखला प्लास्टिकच्या पिशवीत होता. घे.” “हा देवरुखचा, ह्याच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट होता, मी परत पाठवलेला, दुसरा घेऊन आला. घे.” मी ज्या ज्ञानाला आयुष्यभर शिव्या घातल्या, कोणाचं घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे ह्या ज्ञानाला, तेच आता सात माणसांना यादीत परत आणत होतं. मला ते गिळवत नव्हतं. पण मी लिहून घेत होतो.

“अविनाश यशवंत,” मी वाचलं आणि थांबलो. मी स्वतःही कधीकाळी इथे नाव नोंदवलं होतं.

“त्याच्यावर खूण नव्हती,” शिवलकर डोळे न उघडता म्हणाले. “सोड.”

मी सोडलं. माझ्याही कार्डावर तशीच रेघ होती, वडिलांनी शिकवलेली. तिच्यामुळे माझं कधी काही गेलं नव्हतं. माझा रिकामा रकाना मला फुकट मिळाला होता, हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. आणखी दोन नावांवरही खूण नव्हती, तीही सोडली.

अकरावं नाव शकुंतला मोहिते. पत्ता: भावाच्या नावे, कॉलनी, पोफळी. वाडी नाही, गाव नाही. शिवलकरांनी डोळे उघडले.

“हिचं तोंड मी ओळखतो,” ते शेवटी म्हणाले. “दर वेळी येते. पण दाखला मीच पाहिला, की त्या दिवशी मी रजेवर होतो आणि दुसऱ्यानं पाहिला, ते आठवत नाय. खूण होती का रे हिला?”

मलाही आठवत नव्हतं. मी कापताना खुणा मोजत होतो, नावं वाचत नव्हतो.

“भाऊसाहेब, लिहा ना! एवढी सात वर्षं...”

“नाय. पाहिलं ते लिहीन. नाय पाहिलं ते लिहिणार नाय.”

एक वाजला होता. साहेबांनी शकुंतलाबाईंना आत बोलावलं, दाखला मागितला. दाखला पोफळीला पेटीत होता. जाऊन यायला रात्र झाली असती.

“मग सोपं आहे,” साहेब म्हणाले. “रकान्यात आत्ता तुमच्या हाताने जात लिहा, खाली सही करा. नुसतं बौद्ध लिहिलंत तरी चालेल.”

तिने कार्डाकडे पाहिलं. “ही रेघ माझ्या बाबांनी मारलीय. ते म्हणायचे, बौद्ध ही जात नाही. जातीच्या रकान्यात धम्म लिहायचा नाही, आणि सोडलेली जात तर नाहीच.”

“वडील काय करतात?”

“गेले.”

मग मी बोललो. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. “बाई, एक शब्द तर आहे. लिहून टाका. नोकरी महत्त्वाची.”

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. “तुम्ही लिहिलाय तुमच्या कार्डावर?”

शिवलकरांनी खिडकीबाहेर बघितलं. मी मान हलवली. नाही.

“मग?” ती म्हणाली. आणि साहेबांकडे वळली. “दाखल्याचा नंबर सांगितला तर चालेल? नंबर, तारीख, तहसील, कोणाची सही. सगळं पाठ आहे मला. सात वर्षांत इतक्या अर्जांवर लिहिलंय.”

आणि तिने पाढा म्हणावा तसा तो नंबर म्हटला, मधल्या तिरक्या रेघांसकट. साहेबांनी लिहून घेतला, कागद उलटा ठेवला, तिला बाहेर बसवलं. चहा मागवला, प्यायला. मग पुन्हा बोलावलं. “परत सांगा.” तिने परत सांगितला. साहेब कागदावर बोट ठेवून अक्षर अक्षर तपासत होते. शेवटच्या आकड्यापर्यंत एकही फरक नव्हता.

“कार्डाच्या मागे लिहा आणि सही करा,” ते म्हणाले. “रकान्याला हात लावू नका.”

आता काम माझं होतं. आठ ठिकाणी शून्याचा एक करायचा, मग सगळी कार्डं ज्येष्ठतेने पुन्हा लावायला यंत्राला सांगायचं. ह्याला पाऊण तास लागे. दोन फ्लॉप्या आळीपाळीने कुरकुरत, लाल दिवा लागे, विझे. मधे वीज गेली तर अर्धी लागलेली आणि अर्धी न लागलेली अशी खिचडी होई, पुन्हा पहिल्यापासून. दोन वाजून गेल्यावर मी सुरू केलं. बाहेर बाकावर शकुंतलाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. दाराच्या काचेतून मला तिचे फक्त पाय दिसत होते. ते हलत नव्हते.

तीनला दहा कमी असताना एअरकंडिशनरची घरघर थांबली. पडदा काळा झाला, मधोमध एक हिरवा ठिपका राहिला, तोही गेला.

“गेली काय?” शिवलकर दारातून म्हणाले. मग बाकाकडे वळून: “बाय गो, अख्ख्या महाराष्ट्राला वीज तुमच्या पोफळीतून जाते. तुझ्या भावाला सांग की जरा इकडे पण सोड!”

ती पहिल्यांदा हसली. मी नाही हसलो. सव्वातीनपर्यंत वाट पाहिली. मग शिवलकरांनी कपाटावरून जुना मराठी टाइपरायटर उतरवला, त्यावरचं रेक्झिनचं आवरण काढलं, फुंकर मारली.

“साहेब, कॉम्प्युटरची यादीच हवी म्हणालात,” मी म्हणालो.

साहेबांनी काळ्या पडद्याकडे बघितलं. “कॉम्प्युटरला विचारून बघा त्याचं काय म्हणणं आहे,” ते म्हणाले. “टाइप करा.”

सकाळच्या यादीतली पंधरा आणि ही आठ, अशी तेवीस कार्डं मी टेबलावर मांडली आणि नोंदणीच्या दिवसाप्रमाणे हाताने लावली. एकदा लावली, पुन्हा तपासली. वरची पंधरा उचलून मी वाचत होतो, शिवलकर दोन बोटांनी बडवत होते. शकुंतला मोहिते चौथी आली. शेवटचं नाव होईपर्यंत त्या खात्याचा शिपाई सायकल भिंतीला टेकवून आत आला होता आणि “किती वेळ, किती वेळ” करत होता. साहेबांनी सकाळची यादी फाडली, नवीवर सही केली. लखोटा गेला.

शिवलकर तपकीर ओढायला व्हरांड्यात गेले. मी कार्डं परत लावत होतो तेव्हा शकुंतलाबाई खिडकीशी आली. तिच्या कार्डाकडे बोट करून म्हणाली, “हा कोपरा कोणी कापला?”

“मी.”

“का?”

“मला वाटलं ती खूण... भाऊसाहेबांनी जात दाखवायला केलीय.”

“विचारायचंत ना,” ती म्हणाली. जायला निघाली आणि दोन पावलांवरून परत वळली. “ह्याच्या आधी ज्या याद्या गेल्या, त्यांचं काय झालं?”

तिची गाडी होती, ती गेली. पुढे तिची नेमणूक झाली, एवढं सांगतो. ते तिच्या पाठांतराने झालं, माझ्या पत्रकांनी नव्हे.

तिच्या प्रश्नाचं उत्तर काढायला मला आणि शिवलकरांना आठवडा लागला. यंत्र आल्यापासून राखीव जागांच्या चार याद्या गेल्या होत्या. खिडकीशी येऊन कोणी विचारलं नव्हतं, म्हणून कोणाला कळलं नव्हतं. सहा माणसं यादीत असायला हवी होती आणि नव्हती. साहेब म्हणाले, झालं ते झालं, पुढे काळजी घ्या. पुढची काळजी घेतली. रिकाम्या रकान्याला मी नऊ आकडा दिला आणि नवाच्या कार्डांपैकी दाखला पाहिलेल्यांवर भाऊसाहेबांकडून निळी खूण परत करून घेतली. पण झालं ते झालं म्हणणं मला जमलं नाही. मी सहा जणांना स्वतःच्या नावाने पत्रं लिहिली. काय घडलं, कोणामुळे घडलं. हे मी लिहिलेलं सर्वांत साधं पत्रक. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं.

दोन पत्रं पत्ता न सापडून परत आली. तिघांनी उत्तर दिलं नाही. सहावा मुंबईत एका दुकानात कामाला लागला होता. त्याचं पोस्टकार्ड आलं:

“आपले पत्र मिळाले. माझे वय गेल्या जूनमध्ये संपले. तरी माझे कार्ड आता रद्द करावे. कळविल्याबद्दल आभारी आहे.”

नाव रद्द करायची आज्ञा दिली की यंत्र थांबतं आणि विचारतं: नक्की? हो की नाही? त्याचा रकाना मी रिकामा सोडला तेव्हा यंत्राने मला काहीच विचारलं नव्हतं. आता विचारत होतं. चौकट लुकलुकत राहिली. बाहेर रांग होती. शेवटी मी ‘हो’ची कळ दाबली, कारण पोस्टकार्डावर तसं लिहिलं होतं. पडद्यावरून नाव गेलं. कार्ड माझ्या हातात राहिलं, तीन कोपऱ्यांचं.